खुंटीवरची सात वर्षं

मित्रांनो, जरा मान वर करा. गोठ्याच्या भिंतीवर, दोरखंडाच्या शेजारी लटकलेला जुना पितळी फवारणी पंप म्हणजे मी. पितळ काळवंडलं आहे, पट्टे वाळून कडक झाले आहेत. ऐटीत राहायची खोड मात्र अजून गेलेली नाही.

नरडाण्याजवळच्या या गावात मला मोतीलालभाऊंनी आणलं, तेव्हा माझ्यात तोंड पाहता येत असे. धुळ्याच्या दुकानातून ते मला एसटीत मांडीवर घेऊन आले. दिवस कपाशीचे होते. दर आठवड्याला ते मला पाठीवर घेत. एका हाताने दांडा हलवत, दुसऱ्या हाताने नळी धरत. मी फुसफुसत विष उडवी आणि त्यांची पाठ माझ्याखाली तापत जाई. शेजारीपाजारी मला उसना मागायला येत. माझ्यावाचून गावात कपाशी पिकणारच नाही, असं मला वाटू लागलं होतं.

मग एका भादव्यात कपाशीच्या पानांवर काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, काटेरी दिसणाऱ्या अळ्या फिरू लागल्या. "हाऊ काया किडा बठ्ठं पीक खाई टाकी," भाऊ म्हणाले. आम्ही दोघांनी एका सकाळीत त्यांचा फडशा पाडला. पण आठ दिवसांत पानोपानी मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, माजला. पुन्हा फवारलं, पुन्हा माजला. तिसऱ्या खेपेला माझ्या झाकणातून विष गळलं, भाऊंचा सदरा भिजला आणि ते बांधावरच कोसळले. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई धावत आल्या. त्यांनी भाऊंना सावलीत ओढलं, सदरा काढून अंग धुतलं आणि दवाखान्यात पोचवलं. चार दिवस मी बांधावरच पडून होतो. ते चार दिवस मला अजून आठवतात.

त्याच आठवड्यात अभिमन नाना पहिल्यांदा दारात आले. शेतकी खात्यातले कृषी सहायक, किडकिडीत अंगाचे, खडखडणाऱ्या स्कूटरवरचे. त्यांनी शेतात जाऊन एक पान उलटलं, खिशातलं भिंग धरलं आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, तो काया किडा म्हंजे लाल ठिपकावाला ढालकिड्यानं पिल्लू. तो मावाले खाई टाकस. तुम्ही राखणदारलेच मारी टाकं."

भाऊ खाली पाहत राहिले. वच्छलाबाईंनी मात्र पदर खोचला. "नाना, माले वळखाले शिकाडा," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दर मंगळवारी नाना येत आणि वच्छलाबाई त्यांच्याबरोबर शेतात जात. नागमोडी चालत वीस झाडं पाहायची, पानं उलटायची, शत्रू किती आणि मित्र किती ते मोजायचं. मिटलेल्या गुलाबासारखी फुलं दिसली की ती तोडायची, कारण आत बोंडअळी असते. पाखरांना बसायला काठ्या रोवायच्या. नाहीच भागलं तर निंबोळीचा अर्क, आणि त्यासाठी एक हलका प्लॅस्टिकचा पंप. विषाच्या पंपात दुसरं काही भरायचं नाही, असं नानांनी बजावून ठेवलं होतं. तो प्लॅस्टिकचा पोरगा माझ्यादेखत शेतात जाई आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबत.

मी नानांचा राग राग केला, हे कबूल करतो. स्कूटर वाजली की तिचं चाक पंक्चर व्हावं असं मला वाटे. नाना येऊ लागल्यावर मी आधी वर्षातून चारदाच खाली उतरायचो, मग एकदा, मग उतरणंच बंद झालं. भाऊंची पाठ मला स्वप्नात दिसे. माझ्या नळीच्या तोंडात एका कुंभारणीने चिखलाचं घर बांधलं. ही बारीक कमरेची माशी शेतातून अळ्या उचलून आणी आणि पिलांसाठी आत कोंबून ठेवी. ज्या तोंडातून मी अळ्या मारल्या, तिथेच आता त्यांची साठवण होऊ लागली.

गेल्या वैशाखात नाना निवृत्त व्हायचे होते. चांगल्या कामाचा गौरव करायचा म्हणून वरच्या कचेरीतून एक अर्ज आला. किती पंप वाटले, किती औषध वाटलं, असे रकाने त्यात होते. न केलेल्या फवारणीला रकाना नव्हता. शेवटच्या मंगळवारी नाना गोठ्यापाशी बसले, तो कोरा अर्ज त्यांच्या हातात होता. "अक्का, तीस वरीस फिरनू," ते म्हणाले, "पन लिखाले काहीच नही."

वच्छलाबाईंनी चहा दिला. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

रविवारी गावाने शाळेत नानांचा सत्कार ठेवला. सकाळी मोतीलालभाऊंनी मला खुंटीवरून काढलं आणि पाठीवर घेतलं. मित्रांनो, सात वर्षांनी. तीच पाठ, पण आता हाडं टोचत होती. मी रिकामा होतो, आणि तरी त्यांना ओझं वाटू नये म्हणून अंग चोरून बसलो. घर ते शाळा एवढीच वाट, ती संपू नये असं मला वाटत होतं.

वच्छलाबाईंनी मला टेबलावर ठेवलं. "सात वरीस व्हई गयात, हाऊ पंप खुंटीवरून उतरना नही. मन्हा घरधनी त्या दिवसनंतर कधी पडना नही. हाई नानानं काम शे. कागदवर जागा नव्हती, म्हनीसन पंपच लई उनू."

नानांनी माझ्या काळ्या पितळेवरून हात फिरवला. बोटं नळीच्या तोंडापाशी थांबली. त्यांनी खिशातलं भिंग काढलं, चिखलाचं घर पाहिलं, आणि बराच वेळ डोळ्यांवरून भिंग हटवलंच नाही. मग म्हणाले, "अक्का, याले परत तठेच टांगी द्या. घर रिकामं नही."

नाना आता जळगावला, मेहरूणला मुलाकडे राहतात. मी पुन्हा खुंटीवर आहे. गंमत पाहा, पूर्वी मला भाऊंच्या पाठीची ओढ होती, आता मंगळवारी कुठली तरी स्कूटर खडखडते आणि मी कान देतो. ती पुढे निघून जाते.

मित्रांनो, माझ्यासारख्याला खाली काढण्याआधी एकदा पान उलटून पाहा. आणि ज्याच्या कष्टामुळे तुमच्या घरात काहीच वाईट घडलं नाही, असं एखादं माणूस असेल, तर ते जाण्याआधी त्याला तसं सांगा. मला नानांना सांगायचं होतं. पण बोलायला मला एकच तोंड, आणि त्यात पिलं निजली होती.