वेरमणी नावाची बाई

देवरावने हात जोडून पहिले शील म्हटले. विहारातल्या चाळीसएक माणसांनी ते त्याच्यामागून म्हटले. बायकांच्या पहिल्या रांगेत बसलेली त्याची बायको, जाईबाई, तेवढी गप्प राहिली.

देवराव थांबला. त्याने तेच शील पुन्हा, जरा मोठ्याने म्हटले. लोकांनीही पुन्हा म्हटले. जाईबाईचे ओठ हलले नाहीत. बांबूच्या कामट्यांनी बांधलेला मोडका डावा हात तिच्या मांडीवर होता. तो जोडता येत नव्हता, म्हणून उजवा नुसता छातीशी धरलेला.

अकोल्यातल्या कापसाच्या जिनामागची ती वस्ती तीन वर्षांपूर्वी बौद्ध झाली. वंदनेची पुस्तिका धड वाचणारा एकटा देवराव, कचेरीतला शिपाई. म्हणून दर रविवारी वंदना तोच सांगायचा. अर्थ फारसा कुणी विचारत नसे. प्रत्येक शिलात येणारी वेरमणी ही कुणीतरी थोर बाई असावी, असे जाईबाई इतके दिवस धरून चालली होती. एका बाईचे नाव सगळे पुरुष हात जोडून पाच वेळा घेतात, याचे तिला बरेही वाटायचे.

आठ दिवसांपूर्वी देवरावने तिचा हात पिरगळून मोडला. ती पोरीला कडेवर घेऊन चार घरे पलीकडे केशरबाईकडे आली. केशरबाईची लेक इंदू अमरावतीला मास्तरणीचे शिकत होती, सुट्टीत घरी होती. कामट्या सैल झाल्या का ते इंदू पाहत असताना जाईबाईने सहज त्या वेरमणीबाईबद्दल विचारले. इंदू हसली, मग हसायची थांबली. वेरमणी म्हणजे दूर राहणे, ती म्हणाली. पहिले शील म्हणजे, जिवाला इजा करण्यापासून मी दूर राहीन.

काल संध्याकाळी म्हातारा बुधाजी येऊन गेला. तो सुतारकाम करायचा आणि वस्ती त्याचे ऐकायची. वंदना झाली की देवराव चार लोकांत माफी मागेल, मग तिने पोर घेऊन घरी जावे, असे त्याने सांगितले होते. माफी याआधी दोनदा मागून झाली होती.

"जाई, म्हण ना वं," बुधाजी म्हणाला. "सारे खोळंबले."

"म्हणतो बाबा," जाईबाई म्हणाली. "पण याच्यामागून नाही म्हणत."

देवराव हसल्यासारखे करून म्हणाला, "घरातलं इथं काहून काढून राह्यली?"

"हात घरात मोडला, पण तो घेऊन मी साऱ्या गावात फिरून राह्यली," ती म्हणाली, आणि बुधाजीकडे वळली. "वेरमणी म्हणजे दूर राहणं. मले आता समजलं. हा दूर राहत नाही, त मी राहीन. मी घरी जात नाही. त्यानं माफी मागितली तरी नाही जात."

बुधाजी चिडला. "मंग आमी कोनाच्या मागून म्हणाव? तुह्या?"

तो टोमणा होता. जाईबाईने तो प्रश्नासारखा घेतला आणि शील म्हणायला लागली. दोन शब्द चुकले, एक गळलाच. मागून कुणी म्हटले नाही. मग केशरबाईच्या बसक्या आवाजात ते आले, चुकांसकट. मग इंदूच्या, मग बायकांच्या सगळ्या रांगेच्या. देवरावने पुस्तिका मिटली आणि चपला शोधत बाहेर पडला. सर्वांत शेवटी बुधाजीने म्हटले.

दुपारी बुधाजी दोघा गड्यांना घेऊन देवरावच्या घरी गेला. जाईबाईची पेटी, तवा, पोरीचा पाळणा त्यांनी केशरबाईच्या घराला लागून असलेल्या कुडाच्या खोलीत आणून ठेवला. जाते जड, ते उद्या आणू म्हणाले.

"राहू द्या," जाईबाई म्हणाली. "आता त्यालेच दळाव लागीन."

गडी हसले. बुधाजी हसला नाही. देवराव इकडे फिरकला तर मला हाक मार, एवढे तिला बजावून त्याने पिशवीतून हातोडी काढली.

"तुमालेच काहून?" ती म्हणाली. "साऱ्या वस्तीले मारीन हाक."

बुधाजी दाराशी उकिडवा बसला. "कडी कुठून बसवू? बाहेरून का आतून?"

"आतून."

त्याने मान वर न करता चार खिळे ठोकले आणि निघून गेला. बाहेर ऊन रणरणत होते. जाईबाईने उजव्या हाताने दार ओढले, कडी घातली. काढली. पुन्हा घातली.