तोंडातून न निघणारा पासवर्ड

शहापूरच्या संगणक प्रशिक्षणातून हनुमान गुरुजी परतले ते एकच मंत्र घेऊन: पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही. बाकीचं सगळं त्यांनी दुपारच्या जेवणात श्रीखंडाबरोबर गिळलं असावं. सिद्धगडाच्या पायथ्याची ती शाळा. शिक्षक दोन, संगणक एक. पण मुख्याध्यापक असलेल्या गुरुजींचा बंदोबस्त असा, की आत तालुक्याचा खजिनाच ठेवलाय. खोलीला दोन कुलपं. पासवर्ड टाकताना डोक्यावरून टॉवेल. टॉवेलखाली ते एकेक अक्षर हुडकत, आणि तोवर हर्षालीने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. चोरासारखं. तिला मनस्वी राग यायचा.

हर्षाली शिक्षणसेविका. पहिलीतल्या वाडीवरच्या मुलांना पुस्तकातली मराठी परकी वाटे, म्हणून तिने त्यांच्या बोलीतले शब्द त्यांच्याच आवाजात भरून, चित्रं जोडून धडे केले होते. ते लागले की एरवी मुकी बसणारी बाळीसुद्धा ओरडून उत्तरं द्यायची.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात गुरुजी पुन्हा शहापूरला गेले. या खेपेस इंटरनेट सुरक्षेचं प्रशिक्षण. शाळेत इंटरनेट सोडा, फोनची तारसुद्धा नव्हती. नेमके त्याच दिवशी विस्तार अधिकारी आले.

"संगणक चालू करून दाखवा. वापरात नसेल तर आजच दुसऱ्या शाळेत हलवतो."

मशीन गेलं की धडे गेले. गुरुजींचा मोबाइल बंद. सुरक्षेसाठी ते तो बंदच ठेवत. एकच वाट होती. गुरुजी विसराळू, म्हणून पासवर्ड त्यांनी बायकोकडून पाठ करून घेतला होता. बायकोला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं, असं ते धरतच नसत. हर्षाली शाळेमागच्या त्यांच्या घरी धावली.

"काकू, पासवर्ड सांगा ना!"

"मी कशी सांगू गो बाई? माझ्या तोंडातून निघत नाय."

"गुरुजी रागावतील म्हणून?"

"तसं नाय. तो शब्दच मी तोंडातून काढायचा नसतो."

हर्षाली गोरीमोरी झाली. या माणसाने शाळेच्या संगणकाला शिवी लावून ठेवली की काय! लिहून द्या म्हणावं, तर काकूंना लिहिता येत नव्हतं. तरी चाव्या आणि काकू, दोन्ही घेऊन ती शाळेत आली आणि खोली उघडली.

साहेब कंटाळले होते. "राहू द्या. मशीन गाडीत चढवा," ते ड्रायव्हरला म्हणाले. ड्रायव्हरने वायर उपसायला हात घातला आणि बाळीने भोकाड पसरलं. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, डोक्यावर पदर घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"खोलीला कुलपं लावली दोन,
हनुमानरावांशिवाय आत शिरंल कोण!"

लग्नातला उखाणा ऐकल्यागत पोरांनी टाळ्या पिटल्या. हर्षालीने कपाळावर हात मारला. एवढा मोठा टॉवेल, आणि खाली स्वतःचंच नाव!

संगणक उघडला. धडा लागला. बाळीने डोळे पुसले आणि साहेबांच्या कानाशी ओरडून उत्तरं दिली.

"ठेवा मशीन इथंच," साहेब हसू दाबत म्हणाले. "पण पासवर्ड बदला. आता गावभर झालाय."

साहेब गेल्यावर हर्षाली म्हणाली, "काकू, तुमचं नाव ठेवते. सरस्वती."

"ते तर यांनी ठेवलेलं. लग्नात तांदळात लिवलं न् झाले मी सरस्वती." काकू म्हणाल्या. "माहेरची मी हिरी."

"गुरुजींना ठाऊक आहे ना?"

"लग्नाआधी ऐकलं असंल. नंतर कोण इचारतोय?"

संध्याकाळी गुरुजी प्रमाणपत्र मिरवत आले. झाला प्रकार ऐकून लाल झाले, टॉवेल घेऊन बसले. "काय ठेवलाय नवा?"

"तुमच्याच घरातलं नाव आहे," हर्षाली म्हणाली.

गुरुजी मिशीत हसले. सरस्वती टाकलं. उघडेना. आईचं नाव टाकलं, मुलाचं टाकलं, शेवटी गाईचंसुद्धा टाकून झालं. घामाघूम होऊन त्यांनी टॉवेल फेकला आणि दारातल्या बायकोकडे पाहिलं.

"अगं, तुझं माहेरचं नाव काय गं?"

"पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो," काकू म्हणाल्या. "तुमीच तर शिकवलंत."

हर्षालीने खुर्ची पुढे ओढली. "मी उघडते गुरुजी. तेवढं जरा भिंतीकडे तोंड करता?"