गार तीर्थ आणि जयाची तुळस

मारुतीच्या पारावर त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. शीतलनाथ महाराजांनी पितळी तांब्यात साधं पाणी ओतलं, त्यात मूठभर पिवळा अंगारा सोडला, डोळे मिटून ओठ हलवले आणि म्हणाले, "लावा हात. देवी उतरली का न्हाई बगा."

ज्यानं हात लावला त्यानं दचकून मागं घेतला. भर उन्हाळ्यात आमच्या पाथर्डी तालुक्यात माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं, आणि इथं तांब्या गारठलेला. "लई जागृत हाय," म्हणत बायकांनी पदर पसरले. मी या गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. मीही हात लावला. तांब्या गार होता हे खरं, देवीचं मात्र मला पटेना.

"हे तीर्थ घरच्या तुळशीला घाला," महाराज पुढं म्हणाले. "हिरवी राह्यली तर घर निर्मळ. करपली तर ती लावणारीचं पाऊल तापट. तिला घराबाहेर काढा, मी बोकड घेऊन शांत करीन."

देवीला गारवा लागतो आणि महाराजांना रस्सा, एवढं मला तिथंच समजलं.

माझ्या शेजारच्या बायडाबाईंकडे तुळशी दोन. एक त्यांनी स्वतः नवी नवरी असताना अंगणात लावलेली, खोड मनगटाएवढं. दुसरी त्यांची नवी सून जया हिनं माहेराहून आणलेली, रंगाच्या रिकाम्या डब्यातलं वीतभर रोप. बायडाबाईंनी दोन्हींना सारखंच तीर्थ घातलं. थोरलीला ढिम्म झालं नाही. डब्यातल्या रोपाची पानं मात्र कडेनं तपकिरी पडली, वळली, आणि शेंड्यानं मान टाकली.

"माझी बगा आन् हिची बगा," बायडाबाई गल्लीभर सांगत सुटल्या. जयाचा नवरा वाल्मिक पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसला. लग्नात माईकवरून उखाणा घेणारा हाच तो गडी. महाराज पुन्हा येणार त्याच दिवशी जीप ठरली. जयाला माहेरी सोडायचं, परत आणायचं की नाही ते महाराज सांगतील.

जया माझ्याकडं आली तेव्हा रडत नव्हती, तेच मला जास्त लागलं. "बाई, मी नुसतं पानीच घालत हुते. दुसरं काय केलं न्हाई."

असली करप मी आधी पाहिली होती. शाळेत पोरांनी रोपांच्या पिशव्यांत मायेनं युरिया ओतला होता, तेव्हा.

मी बायडाबाईंच्या थोरल्या तुळशीखाली उगवलेली दोन रोपं मागून आणली, दोन फुटक्या कपांत लावली. "मावशी, माझ्या हाताला गुण नाही. तुमच्या पुण्यवान हातानं घाला की. या कपाला उरलेलं तीर्थ, त्याला हापशाचं पाणी." मावशी खुलल्या. दोन्ही कप त्यांच्याच ओट्यावर ठेवले.

पाण्याचा कप तरारला. तीर्थाचा कप करपला.

"मावशी, रोप तुमच्या तुळशीचं, हात तुमचा. आता तापट पाऊल कुणाचं?"

"गप बसा बाई. कुनाला बोलू नका."

"बोलते की. पारावर."

महाराज आले, गर्दी जमली. मी बायडाबाईंच्या पडवीतल्या पोत्यातून मूठभर युरिया आणला आणि सगळ्यांसमोर साध्या पाण्याच्या तांब्यात सोडला. "लावा हात," मी म्हणाले.

महाराज कडाडले, "देवीची परीक्षा घेऊ नको, बाई."

"देवीची नाही महाराज, पोत्याची घेतेय."

म्हाताऱ्या हनुमंत आबांनी तांब्या दोन्ही हातांत धरला. "आरं, फवारणीची टाकी अशीच गार पडती. वर्साला पोती रिचवतो आमी, आन् नुसती हळद लावली तर वळखू येईना?"

लोक हसले. मग मी उलगडून सांगितलं. युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो, म्हणून तांब्या गार. महाराजांनी तो कुटून राखेत आणि हळदीत मिसळला होता. अंगणातल्या तुळशीची मुळं खोल गेलेली, भोवती माती भरपूर, तिला तेवढं पचलं. डब्यात माती ओंजळभर. तिथं खत दाट झालं की मुळांना पाणी घेता येत नाही, उलट त्यांच्यातलंच पाणी बाहेर ओढलं जातं आणि रोप करपतं. यात जयाचं पाऊल कुठं येतं?

तेवढ्यात जीप आली. ड्रायव्हरनं विचारलं, "कोन जायचंय?"

बायडाबाई पदर खोचून उठल्या. "हे महाराज जायचेत. जरा लांब सोड."

जयाचा डबा मी वाचवून दिला. तळाला भोकं पाडली आणि खत धुऊन निघेपर्यंत साधं पाणी सोडत राहिले. आता त्याला नवी पानं आलीत. बायडाबाई माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत, पण सकाळी दोन्ही तुळशींना पाणी घालायला त्या जयालाच हाक मारतात.

तुमच्याकडं कुंडीतलं कोवळं रोप करपलं, तर आधी त्याच्या मुळाशी काय घातलं ते विचारा. खत घालायचंच तर रोपानं जीव धरल्यावर, ओल्या मातीत, चिमूटभर. आणि घरच्या लेकीसुनेकडं बोट दाखवण्याआधी दोन फुटके कप घेऊन बसा.