खाजामियाँची देग पुन्हा चुलीवर

मी एक जुनी तांब्याची देग आहे. देग म्हणजे लग्नकार्यात भात शिजवायचं मोठं, गोल पोटाचं भांडं. हैदराबादेतल्या एका तांबटाने हातोडीने ठोकून ठोकून मला घडवलं आणि देगलूरच्या खाजामियाँ बावर्चींनी मला घरी आणलं. एका दमात मी पंचवीस किलो तांदूळ शिजवते, मित्रांनो!

तीस वर्षं आम्ही जोडीने राबलो. उदगीर, मुखेड, धर्माबाद, जिथे लग्न तिथे आम्ही. तहारी म्हणजे आमच्याकडचा मसालेभात. खाजामियाँची तहारी आहे म्हटलं की पंगतीतली माणसं सरसावून बसायची.

मग खाजामियाँचे हात कापायला लागले. एका लग्नात मिठाच्या दोन मुठी जास्त पडल्या आणि लोक भरल्या ताटावरून उठले. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मला अंगणात पालथं घातलं आणि स्वतः बाजेवर बसले. चार वर्षं बसूनच राहिले. जेवण अर्धं टाकायचे, गोळीशिवाय झोपायचे नाहीत. बायकोवर, खातूनबीवर, उगाच खेकसायचे. मी हिरवी पडत चालले होते.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी आठ वाजता शेजारच्या धुरपताबाई धावतच अंगणात आल्या. त्यांच्या नातीचं, प्रियदर्शनीचं, त्या दिवशी बुद्धविहारात लग्न होतं.

"खाजाभाई, जेवणाची गाडी नायगावजवळ पलटी झाली! मानसं वाचली, पन अन्न समदं रस्त्यावर सांडलं. अडीचशे पाव्हणे येऊन राहिले. दोनला पंगत बसवायची हाय. काय करू मी?"

खाजामियाँनी दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. "हे बघा. माझ्यानं होत न्हाई आता."

धुरपताबाई मटकन माझ्याच बुडावर बसल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. खाजामियाँनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि ते उठले!

"खातून, शिवमूर्तीअप्पांना फोन लाव. कल्हई करायला या म्हण. आत्ताच्या आत्ता!"

मित्रांनो, कल्हईशिवाय तांब्याच्या भांड्यात रांधलं तर अन्न कळकतं, माणसं आजारी पडतात. शिवमूर्तीअप्पा सामान घेऊन आले तोवर खातूनबीने चिंच आणि राखेने मला घासून लाल केलं होतं. भाता फुसफुसला, निखारे फुलले, नवसागराचा पांढरा धूर निघाला आणि कथील माझ्या पोटात चांदीसारखं पसरलं. चार वर्षांनी मी आतून लखलखले! मला तर नाचावंसं वाटत होतं.

अकरा वाजता मी विहारामागच्या चुलीवर चढले. धुरपताबाईंच्या वाड्यातल्या बाया बटाटे, गाजर, टमाटे चिरत होत्या. तेल तापलं, कांदा चुरचुरला, मसाल्याचा वास पार रस्त्यापर्यंत गेला. आणि मिठाची वेळ आली.

खाजामियाँनी मिठात हात घातला आणि तसाच मागे घेतला. मला वाटलं, संपलं. आता हे परत बाजेवर जाणार.

पण ते वळले आणि म्हणाले, "धुरपताबाई, या इकडं. अंदाज माझा, हात तुमचा."

"मला कुठं येतंय एवढ्या मानसांचं?"

"टाका. एक मूठ. अजून एक. हाव, अजून. बस!"

तांदूळ पडले, झाकण बसलं, कडेने कणीक थापली, झाकणावर निखारे ठेवले. पुढचा अर्धा तास खाजामियाँ जागचे हलले नाहीत. झाकण उघडलं तेव्हा दाणा न् दाणा मोकळा होता. खातूनबीने घास घेतला आणि डोळे मिटले.

"अजी," ती म्हणाली, "अगदी बरोबर!"

पंगती उठेपर्यंत माझ्या तळाशी खरवडसुद्धा उरली नाही. नवरी मुलगी स्वतः येऊन खाजामियाँच्या पाया पडली. पैशाचं नाव त्यांनी कोणाला काढू दिलं नाही. घरी येऊन, आधीच काढून ठेवलेली तहारी ते दोन ताटं जेवले आणि दिवसाउजेडी, गोळीबिळी न घेता, घोरायला लागले. खातूनबी दारात उभी राहून ते घोरणं ऐकत होती आणि हसत होती.

तेव्हापासून ज्याच्या घरी अडचण असेल त्याच्याकडे आम्ही जातो. खाजामियाँचे हात अजून कापतात, ते काही बरे झाले नाहीत. पण धुरपताबाई आणि आणखी तिघीजणी त्यांच्याकडून तहारी शिकल्या आहेत. अंगणात सदा कुणी ना कुणी बसलेलं असतं आणि खातूनबीला आता नवऱ्याचा ओरडा नव्हे, चेष्टा सहन करावी लागते!

मित्रांनो, त्या दिवशी धुरपताबाईंची अब्रू राहिली, हे गावाने पाहिलं. देणाऱ्याला भूक, झोप आणि हसू परत मिळालं, ते मी पाहिलं. तुमच्याकडेही काहीतरी द्यायला असेल. भांडं असेल, विद्या असेल, नाहीतर नुसता मोकळा वेळ. ते झिजेल म्हणून झाकून ठेवू नका. मी वापराने कधी झिजले नाही, ठेवून गंजले. आणि हो, आम्हा जुन्या भांड्यांना वेळच्या वेळी कल्हई करा बरं!

बघा, बाहेर कुणीतरी हाक मारतंय. काय काम आहे, कुणाचं आहे, काही ठाऊक नाही. पण खाजामियाँ चपला शोधत ओरडतायत, "येऊन राहिलो, येऊन राहिलो!"