चार पावलं आत

मित्रांनो, मी एक जुनी फक्कीची गाडी आहे, आणि आधी तक्रार सांगते, मग स्वतःचं. आमच्या मैदानाचा व्यवस्थापक धडधडीत खोटं बोलतो. परवा शाळेची मुलं मैदान बघायला आली, तर हा छाती काढून त्यांना सांगतोय, "एवढे मोठे साहेब आले होते, पण मी रेषा तसूभर हलू दिली नाही!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी दाराआड उभी होते. मला हात असते तर त्याचा कान धरला असता. हात नाहीत, एक दांडा आहे. म्हणून खरं काय ते मीच सांगते.

फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड. ती माझ्या पेटीत भरायची आणि मला ढकलत न्यायचं, की खालच्या फटीतून झिरपून मातीवर रेघ उमटते. मला एका पत्रेवाल्याने घडवलं. तेलाचा जुना डबा कापून पेटी केली, पाण्याच्या नळाचा पाइप वाकवून दांडा केला, आणि चाकं लावली त्याच्या लेकीच्या बाबागाडीची. लेक मोठी झाली होती, चाकं अजून तरणी होती.

शिक्षण विचाराल तर शून्य. मला 'अ' काढता येत नाही. सरळ रेघ आणि मधलं वर्तुळ, एवढीच माझी विद्या. पण शिकलेली माणसं पांढऱ्यावर काळं करतात आणि त्याचा अर्थ काय म्हणून वर्षानुवर्षं भांडतात. माझं मातीवरचं पांढरं शेंबड्या पोरालाही वाचता येतं. चेंडू आत की बाहेर, संपला विषय. लोक 'चुना लावला' म्हणतात तेव्हा 'फसवलं' असं त्यांना म्हणायचं असतं. मी जन्मभर चुनाच लावला आणि कुणाला फसवलं नाही. एकदा सोडून. तेच सांगते आहे.

मैदानाच्या कोपऱ्यात सामानाची खोली आहे, आणि तिला लागून राहायची एक खोली. तिथे मैदान राखणारी मावशी आणि तिची सासू राहायच्या. आधी सासूबाई मला ढकलायच्या, त्यांचे गुडघे गेले तेव्हा सुनेच्या हातात दांडा आला. दोन खुंट्या ठोकायच्या, मधे दोरी ताणायची आणि चालायचं, पण पहिले आठ दिवस मावशीची रेघ सापासारखी जायची. सासूबाई खिडकीतून ओरडायच्या, "अगं, चाकाकडे काय बघतेस? चाक काय पळून चाललंय? पलीकडच्या खुंटीकडे बघ!" नवव्या दिवशी जमलं. सासूबाईंनी कौतुक केलं ते असं, "बरी आहे. आता चहा टाक."

आम्हा तिघींची रेघ म्हणजे रेघ. तिच्या आत कुणी कुणाचा नसतो. बाहेर ज्याच्या बापाला सगळे वाकून नमस्कार करत, त्याला आत न्हाव्याच्या पोराने आडवा पाडला तर तो अंग झाडून उठायचा आणि चेंडूमागे पळायचा. बाहेर जे कुणाच्याने झालं नाही ते माझ्या चिमूटभर चुन्याने केलं, हे मी अभिमानाने सांगते. कुणाला गर्व वाटला तर वाटो.

तर मित्रांनो, फुटबॉलचा अंतिम सामना होता. मावशीने सकाळीच सगळ्या रेषा मारून ठेवल्या होत्या. तेवढ्यात व्यवस्थापक धावत आला. "मावशी, भिंतीकडची रेषा चार पावलं आत घ्या. साहेब येणार आहेत."

साहेब म्हणजे त्या काळी शहराचा कारभार ज्यांच्या मुठीत होता ते. भिंतीच्या बाजूला सावली होती, पण रेषेच्या बाहेर जागा जेमतेम दोन पावलं. त्यात व्यासपीठ आणि सोफे कसे मावणार?

मावशी म्हणाली, "मग सोफा सरकवा ना. समोरच्या पायऱ्यांवर हवी तेवढी जागा आहे."

"तिथे ऊन आहे."

"आमच्यावर रोज पडतं. अजून कुणी विरघळलं नाही."

"मावशी, तोंड सांभाळा. ही खोली कामासोबत मिळाली आहे, हे विसरू नका." त्याने खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्यापुढे खुळखुळवला.

मावशीने खोलीकडे पाहिलं. आत सासूबाई पडून होत्या, त्यांना पाठीवर घेऊन ती कुठे जाणार होती?  मग तिने हातातला माझा दांडा हळूच खाली ठेवला.

"मला येत नाही," ती म्हणाली.

"काय येत नाही?"

"वाकडं."

व्यवस्थापकाने दांडा स्वतः उचलला. ना खुंटी, ना दोरी, आणि नजर सगळा वेळ चाकावर. खिडकीतून सासूबाई ओरडल्या, "हा गडी रेघ मारतोय का नदी काढतोय?" मला तेव्हा हसू आलं नाही. माझ्याच पोटातून ती वाकडी रेघ सांडत होती आणि मला पेटीचं तोंड मिटता येत नव्हतं.

शेवटी तो पँट झटकत म्हणाला, "आता जुनी रेषा झाडून टाका. तेवढं तरी येतं ना?" आणि व्यासपीठ बघायला गेला.

मावशीने झाडू घेतला. जुन्या रेघेपर्यंत गेली. मग झाडू तसाच भिंतीला टेकवून ठेवला.

दुपारी पंचबाई आल्या. दोन रेघा बघून त्या थांबल्या. आतल्या रेघेपासून गोलपर्यंत पावलं मोजली, पलीकडच्या बाजूनेही मोजली. गोलचे खांब तर सिमेंटमध्ये पक्के. त्यांनी व्यवस्थापकाला विचारलं, "गोल एका बाजूला कसा गेला हो? रात्रीतून चालत गेला?"

व्यवस्थापकाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. रेघ आत घेतली की गोल मधे राहत नाही! तो मान खाजवायला लागला. तेवढ्यात साहेबांची गाडी फाटकातून आत आली.

पंचबाईंनी मावशीला विचारलं, "मावशी, यातली खरी कुठली?"

व्यवस्थापक मावशीकडे बघत जुडगा बोटावर फिरवत होता. साहेब सोफ्यावर येऊन बसले होते. पायऱ्यांवर अख्खं गाव होतं. मावशीचा आवाज मोठा नव्हता, पण मी शेजारीच होते, मला स्वच्छ ऐकू आलं.

"बाहेरची. सकाळी मी मारलेली."

पंचबाईंनी मान हलवली आणि साहेबांपाशी गेल्या. "नमस्कार. आपला सोफा मैदानात आहे."

व्यवस्थापक मधे पडला, "अहो बाई, साहेब आहेत ते!"

"असतील की. रेषेच्या आत अकरा इकडचे, अकरा तिकडचे आणि मी. साहेब कोणत्या संघातून खेळणार आहेत?"

पायऱ्यांवरून असा हशा उठला की भिंतीवरची कबुतरं उडाली. साहेब लाल झाले, पण उठले. मैदानातून सरळ पलीकडे निघाले, तर पंचबाई म्हणाल्या, "कडेने, कडेने." मग साहेब पूर्ण मैदानाला वळसा घालून उन्हातल्या पायऱ्यांवर जाऊन बसले. भाषण खिशातच राहिलं. खेळाडूंनी सोफे आणि व्यासपीठ उचलून बाहेर नेलं, मावशीने ती वाकडी रेघ झाडून टाकली, शिट्टी वाजली आणि चेंडू सुटला. त्या दिवशी खेळाडू माझ्या रेघेला अगदी लागून पळत होते, आणि माझा पत्रा अभिमानाने तापला होता.

मध्यंतरात साहेब निघून गेले. संध्याकाळी व्यवस्थापकाने मावशीला सांगितलं, "खोली रिकामी करा."

सकाळी मावशी गाठोडी बांधत होती. तेव्हा दोन्ही संघांचे कप्तान आले. आदल्या दिवशी एकमेकांच्या नडग्या फोडल्या होत्या, आज एकत्र लंगडत आले. त्यांनी व्यवस्थापकाला विचारलं, "आता रेषा कोण मारणार?"

"मी."

"मग सामनेही तुम्हीच खेळा."

पुढे दोन रविवार दोन्ही संघ फाटकाबाहेर चेंडू घेऊन बसले, आत कुणी पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या रविवारी, गाठोडी अजून दारातच असताना, व्यवस्थापकाने स्वतः येऊन खोलीची किल्ली मावशीच्या हातात दिली. आतून सासूबाई म्हणाल्या, "आलास? पाय पुसून ये."

आता सासूबाई नाहीत. मावशी थकली, लेकीकडे गेली. साहेबांची खुर्चीही गेली, म्हणून तर व्यवस्थापकाला एवढं शौर्य सुचतंय. रेषा आता विकतच्या रंगाने मारतात. माझ्या पेटीत जुना चुना दगड होऊन बसलाय आणि पत्रा आतून गंजतोय. मित्रांनो, तुमच्या मैदानावर अशी एखादी म्हातारी असेल तर काम झाल्यावर तिला धुवा, पुसा, चाकाला तेल घाला. आणि तिला ढकलणाऱ्या बाईचं नाव विचारून घ्या. ते कुठल्याच फलकावर लिहिलेलं नसतं.

आणि तू, व्यवस्थापका! सामानाच्या खोलीचं दार उघडलंच आहेस तर नीट ऐक. रेघ मावशीने राखली. तू सरकवलीस, तीही वाकडी. उद्या त्या मुलांना परत बोलाव, आणि मावशीला मधे उभी करून हे तुझ्या तोंडाने सांग. तोवर माझ्या दांड्याला हात लावायचा नाही.