रस्त्याने आणलेला ट्रॅक्टर

वहिनींनी ट्रॅक्टर ट्रकला लावलेल्या फळ्यांपर्यंत आणला आणि फळ्यांवर न चढवता चाक वळवून सरळ फाटकाबाहेर काढला. ट्रकवाला हातात दोर घेऊन उभा होता, तो तसाच उभा राहिला. धाकट्या दिराला आधी वाटलं, वळण चुकलं असेल, पुन्हा मागे घेतील. मग तो लंगडतच फाटकाकडे धावला.

वहिनी बाहेर रस्त्याच्या कडेला थांबल्या होत्या. इंजिन चालूच होतं. डोक्याचा रुमाल कानांवरून घट्ट बांधत त्यांनी दिराला सांगितलं की ट्रॅक्टर आपण चालवतच नेऊ. दिवे लागतात, पाठीमागे लाल त्रिकोण बांधलाय, टाकी भरलेली आहे. ब्रेकची दोन्ही पेडलंही खिट्टीने एकमेकांत अडकवली आहेत. रानात वळताना ती वेगवेगळी दाबावी लागतात, पण रस्त्यावर दोन्ही चाकं एकदम थांबली पाहिजेत. धाकट्याने ट्रकचं ठरलेलं भाडं, घाटातली वळणं आणि दिवसभराचं ऊन असं सगळं सांगून पाहिलं. ट्रक जेवणाच्या वेळेला पोचेल, ट्रॅक्टरला संध्याकाळ होईल, असंही म्हणाला.

“धडधाकट आहे तो,” वहिनी म्हणाल्या. “चालत्याला खाटेवर घालून कशाला न्यायचं?”

ट्रकवाला तेवढ्यात फळ्या उचलायला लागला होता. त्याला राग आला नव्हता. आपल्याला तसंही त्याच बाजूला जायचंय, घाटापलीकडच्या पेट्रोल पंपावर थांबेन, अडलात तर फोन करा, एवढं बोलून तो निघून गेला. धाकटा आपल्या गाडीत बसला, चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवले आणि ट्रॅक्टरच्या मागे लागला.

खरं तर मागे राहणं हा त्याचा स्वभावच नव्हता. थोरला भाऊ त्याला घाईभाऊ म्हणायचा. लहानपणी ताटातला घास संपायच्या आत हात धुवायला उठणारा, मोठेपणी पेरणी झाली की दुसऱ्या दिवशी उगवलं का ते बघायला जाणारा. थोरला त्याच्या अगदी उलट. तो बोलायला तोंड उघडायचा तोवर चहा निवायचा. वर्षापूर्वी तो गेला, तोही तसाच, कुणाला न उठवता, झोपेत. त्यानंतर वहिनींनी एक हंगाम एकटीने काढला. मग जमीन शेजाऱ्याला वाट्याने दिली. लेकीने शहरातल्या आपल्या घरात आईसाठी खोली तयार केली होती. राहिला होता ट्रॅक्टर. तो धाकट्याने घाटापलीकडच्या आपल्या गावी न्यावा आणि पोचवून झाला की त्याच रात्रीच्या बसने वहिनींनी लेकीकडे जावं, असं ठरलं होतं. ठरवलं होतं लेकीने आणि धाकट्याने. वहिनींनी ऐकून घेतलं होतं.

मागे गाड्या साचायला लागल्या. पहिल्या काही गाड्या मुकाट्याने पुढे निघून गेल्या. मग रस्ता अरुंद झाला, वळणं आली आणि रांग लागली. हॉर्न वाजायला लागले. एका गाडीतल्या माणसाने काच खाली करून धाकट्याच्या सगळ्या घराण्याची विचारपूस केली. धाकटा सीटमध्ये खाली सरकला. वहिनींना मात्र मागचं सगळं दिसत असावं. जरा कुठे रुंद जागा आली की त्या ट्रॅक्टर कडेला घेत, हात हलवून रांगेला वाट करून देत, आणि शेवटची गाडी गेली की पुन्हा रस्त्यावर येत. धाकट्यालाही तेच करावं लागे. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की आपण नेहमी ज्या रस्त्याने दोन तासांत सुसाट जातो, त्याच्या कडेला एक वीटभट्टी आहे, एक बंद पडलेली शाळा आहे, आणि एका घरासमोर कुणीतरी जुन्या टायरमध्ये झेंडू लावलेत.

घाटाच्या पायथ्याशी एका झाडाखाली ते डबा खायला थांबले. ट्रॅक्टरचं बॉनेट तापलं होतं. वहिनी मडगार्डला टेकूनच जेवल्या. धाकट्याने लेकीच्या घराचं विचारलं. मागे त्या तिथे आठ-पंधरा दिवस राहून आल्या होत्या. घर मोठं आहे, जावई शांत आहे, नातवाला आजी हवीशी वाटते, असं त्यांनी सांगितलं. आणि घास चावून झाल्यावर म्हणाल्या, “सगळं चांगलंच आहे. फक्त सकाळी उठून मी काय करायचं, ते तिथे कुणी सांगत नाही.”

धाकट्याने पाण्याची बाटली पुढे केली. मग वहिनींनी त्याच्या गुडघ्याचं विचारलं. ऑपरेशन झाल्यापासून गाडीचा क्लच कसाबसा दाबला जातो, ट्रॅक्टरचा काही दाबला जायचा नाही, हे त्याने कबूल केलं. रान तसंच पडलंय. ड्रायव्हर शोधणं चाललंय. एक मिळाला होता, पण तो गाणी एवढ्या मोठ्याने लावायचा की म्हशीने दूध चोरायला सुरुवात केली. दुसरा चांगला आहे, पण त्याला कधी यायला जमेल ते त्यालाच माहीत नाही.

“अस्सं,” वहिनी म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण लावलं.

घाटात ते घडलं. ट्रॅक्टर चढण चढत होता, मागे धाकटा, त्याच्या मागे तीन-चार गाड्या. एका लाल गाडीला धीर धरवला नाही. वळणाआधी ती रांगेतून बाहेर आली, धाकट्याला ओलांडून ट्रॅक्टरच्या बरोबरीला गेली, आणि वरून बस उतरताना दिसली. धाकट्याचा पाय ब्रेकवर दाबला गेला. त्याने पाहिलं, वहिनींनी स्टिअरिंग झटक्यात कडेकडे फिरवलं. ट्रॅक्टर डांबर सोडून मातीवर उतरला, एका अंगाला कलला आणि थांबला. लाल गाडी त्या मोकळ्या झालेल्या जागेतून निसटली आणि वळणाआड गेलीसुद्धा. बस अर्ध्या रस्त्यात उभी राहिली.

धाकटा लंगडत धावत गेला तेव्हा वहिनी सीटवरच होत्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून ठीक आहे ना म्हणून विचारलं. वहिनींनी मान हलवली. मग त्या खाली उतरल्या, मोठ्या चाकापाशी गेल्या. चाक आणि दरी यांच्यामध्ये वीतभर माती होती.

धाकट्याने खिशातून फोन काढला. “पुरे झालं, वहिनी. ट्रकवाल्याला बोलावतो. तुम्ही गाडीत बसा माझ्याबरोबर.”

“नको, भावजी.”

“अहो, पण...”

“गाडीत बसून आले, तर मी तुमच्या दारात पाहुणी होईन,” त्या म्हणाल्या. बोलताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पदराने हात पुसले, स्टिअरिंगवर हात ठेवून वर चढल्या आणि ट्रॅक्टर हळूच मागे घेऊन पुन्हा डांबरावर आणला.

धाकटा फोन हातात धरून उभा राहिला. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तेव्हा तो भानावर येऊन आपल्या गाडीत बसला. पण आता तो पूर्वीसारखा कडेला चिकटून चालला नाही. गाडी त्याने रस्त्याच्या मध्याकडे घेतली आणि प्रत्येक वळणावर ट्रॅक्टरच्या पाठीशी तशीच धरली, कुणालाही मधे घुसता येऊ नये अशी. हॉर्न वाजत राहिले. कुणी काय काय बोललं. तो सीटमध्ये खाली सरकला नाही. रुंद जागा आली की काच खाली करून स्वतःच हात हलवायचा, जा बाबा, जा. उतारावर वहिनींनी खालचा गिअर टाकला आणि ट्रॅक्टर घरघरत, एखाद्या म्हाताऱ्याने कठड्याला धरून जिना उतरावा तसा उतरला. पंपावर ट्रकवाला खाटेवर आडवा झाला होता. त्याने दोघांना जाताना पाहिलं, उठून बसला आणि हात वर केला.

ते पोचले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. धाकट्याची बायको दारात उभी होती. तिने स्वयंपाक लवकर उरकला होता, बसमध्ये खायला डबाही भरून ठेवला होता. थोरल्या जावेला खाली उतरायला हात देत ती म्हणाली, ताई, केवढी ही धूळ, आधी हातपाय धुवा, मग जेवायला बसू. वहिनींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पण त्या घरात शिरल्या नाहीत. गोठ्याच्या बाजूने पुढे जाऊन त्यांनी मागचं रान पाहिलं. उन्हाने भेगाळलेलं, मागच्या पिकाची धसकटं तशीच उभी. वाकून त्यांनी एक ढेकूळ उचललं, मुठीत दाबून पाहिलं.

“भावजी, नांगर कुठाय?”

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने त्याच्याकडे. मग तो शेडमध्ये गेला आणि नांगरावरची ताडपत्री ओढून काढली. वहिनींनी ट्रॅक्टर मागे घेत घेत बरोबर जागेवर आणला. गुडघा वाकवता येत नव्हता म्हणून तो तसाच जमिनीवर बसला आणि एकेक पिन बसवत गेला. शेवटची पिन बसली तशी त्याने ट्रॅक्टरच्या लोखंडावर थाप मारली. वहिनी ट्रॅक्टर घेऊन रानात उतरल्या. खिट्टी काढून त्यांनी ब्रेकची पेडलं सुटी केली. पहिली फेरी गेली तशी मागे ओली, काळी माती वर आली, आणि कुठूनसे बगळे येऊन त्या ओळीत उतरले.

बायको बांधापर्यंत आली होती. डब्याचं काय करू, असं तिने विचारलं. धाकटा म्हणाला, राहू दे.

त्याचा फोन वाजला. पुतणीचा होता.

“काका, आई बसली का बसमध्ये?”

“नाही गं. ती कामात आहे.”

“कामात?”

त्याने फोन कानापासून दूर करून रानाच्या दिशेने धरला. ट्रॅक्टर पलीकडच्या बांधाला वळून पुन्हा इकडे यायला लागला होता. त्याने फोन पुन्हा कानाला लावला तेव्हा ती हळूच म्हणाली,

“मग किती वेळ लागेल तिला?”

धाकट्याने या बांधापासून त्या बांधापर्यंत पाहिलं.

“रान मोठं आहे गं,” तो म्हणाला.