साडेपाच तासांचा घोळ

मी एक कॅलेंडरची फाईल बोलतेय. भेटीची वेळ पोटात घेऊन या फोनमधून त्या फोनमध्ये जाणं हा माझा धंदा. सगळ्यांनी मला सारखंच वाचावं म्हणून मोठ्या माणसांनी नियम केले म्हणे. पण ते इतके सैल, की प्रत्येक ॲप मला आपल्या सोयीनं वाचतं आणि शिव्या मात्र मी खाते.

माझा जन्म गारखेड्यातला, श्रेयाच्या फोनमध्ये. तिला बघायला चितेगावहून ऋतुराज आणि त्याचे वडील येणार होते, रविवारी सकाळी अकराला. "हापिसात धाडतीस तसं रीतसर आमंत्रण धाड," तिचे वडील बद्रीनाथ म्हणाले. तिनं नाक मुरडत मला धाडलं. साडी नेसून पोह्यांच्या बशा फिरवायचा तिला वीट आला होता. या स्थळाला नाहीच म्हणायचं, हे तिनं आधीच ठरवलं होतं.

आता माझी गंमत ऐका. माझ्यात वेळ लिहितात ती परदेशी घड्याळाची, म्हणजे साडेपाच. शेजारी एक बारीक खूण असते, की यात भारताचे साडेपाच तास मिळवा. ऋतुराजच्या जुन्या फोननं ती खूण वाचलीच नाही. त्यानं पहाटे साडेपाच दाखवले.

"इतक्या पहाटं? फोन करून इचारू का?" ऋतुराज चक्रावला.

"नाय," वडील बन्सी म्हणाले, "मुहूर्त काढला आसंल. इचारलं तर म्हणतील, पोरगं आळशी हाय."

पाहुणे अगदी वेळेवर दारात हजर! नेमका तेव्हाच आठवड्यानं नळ आला होता. बद्रीनाथ बनियनवर, श्रेया गाऊनवर ओढणी खोचून, एका हातात पाइप आणि तोंडात ब्रश. मी ऋतुराजच्या खिशात बसून मनसोक्त हसले.

"पाणी जाईल, आधी भरून घ्या," असं म्हणत ऋतुराजनं पँट दुमडली आणि ड्रम उचलला. टाकी भरेपर्यंत पाइप कुणी धरायचा यावरून तो आणि श्रेया चांगलीच भांडली. पोहे कुणाला आठवलेच नाहीत.

पाहुणे गेले. अकराला मी श्रेयाच्या फोनवर इमानानं वाजले: 'पाहुणे येणार.'

"काय कळवू गं त्यांना?" बद्रीनाथांनी भीतभीत विचारलं.

काम झालं की माझ्यासारख्यांना पुसायची तिची सवय. अंगठा पुसायच्या खुणेवर गेला तेव्हा माझं धाबं दणाणलं. पण ती थांबली आणि हसली.

"हो म्हणा, पप्पा."

आणि मला न पुसता तिनं 'दरवर्षी'वर टिचकी मारली.

तेव्हा मंडळी, मला खुशाल नावं ठेवा. मी दर साली वाजणार आहे, त्याच्या फोनवर पहाटे आणि तिच्या फोनवर अकराला.